खराट्यावरून उडी

केरेन्साच्या शेडच्या दारात उभे राहून पर्यटक हमखास एकच प्रश्न विचारायचे. "हा खराटा खरंच उडतो का हो?"

ती हातातली काडी न सोडता म्हणायची, "उडतो की! बसणाऱ्याचं डोकं रिकामं असलं तर फार वर जातो. मग उतरवायला मी येणार नाही."

ते हसायचे, एखाददुसरा खराटा घ्यायचे आणि बॉडमिनच्या माळाकडे निघून जायचे. मे महिन्यात मात्र ती एकही विकायची नाही. मेमध्ये घेतलेला झाडू घरातलं माणूस झाडून नेतो असं आमच्याकडे म्हणतात, आणि असल्या बाबतीत केरेन्सा गिऱ्हाइकाचं ऐकणारी नव्हती. खरं तर कुठल्याच बाबतीत नव्हती.

मी विनी. नोकरी बस चालवायची केली, आणि आमच्या मंडळाची पुजारीण आहे. लोक आम्हाला चेटकिणी म्हणतात. आम्हीही म्हणतो, त्यात लाजायचं काय? एके काळी रिंगण धरायला माझं मागचं शेत पुरत नसे. आता आम्ही चार-पाच म्हाताऱ्या उरलोय, त्यातही कुणाचे गुडघे गेलेत, कुणाचे कान. पूजेची सुरी, पेला, छडी, तबक सगळं माझ्या कपाटात असतं. काळ्या मुठीच्या त्या सुरीनं कधी काही कापायचं नाही, आणि रिंगणाच्या खराट्यानं कधी केर काढायचा नाही. तो जमिनीपासून वीतभर वर धरून फिरवायचा, की जागेतलं वाईटसाईट निघून जातं. हा खराटा दर वसंतात केरेन्सा नवा बांधायची. ॲशच्या लाकडाचा दांडा, बर्चच्या झाडाच्या काड्या, वर विलोच्या झाडाच्या सालीची बांधणी. हिवाळ्यात काड्या तोडून आणायचं काम हेडलीचं.

हेडली तिचा नवरा, म्हणजे आमच्या लेखी. तो चिनी मातीच्या खाणीत कामाला होता. मोजकं बोलणारा, टोपी काढल्याशिवाय बाईमाणसाशी बोलणार नाही असा. चर्चमध्ये किंवा सरकारी कचेरीत त्यांचं लग्न कधी झालंच नाही. आमच्यात हात बांधतात. रिंगणात दोघांच्या मनगटांना लाल दोरी बांधायची, दोघांनी मिळून खराट्यावरून उडी मारायची, आणि ते बंधन वर्ष आणि एक दिवसाचं. बहुतेक जोडपी पुढे कायमचं वचन देऊन मोकळी होतात. केरेन्सा नाही झाली.

"जन्मभराचं वचन आळशी माणसं देतात," ती म्हणायची. "एकदा बोललं की सुटले! दर वर्षी नव्यानं विचारायचं, आणि त्यानं दर वर्षी उत्तर द्यायचं."

आणि हेडली द्यायचा. मेच्या पहिल्या दिवशी मी विचारायचे, "पुढचं वर्ष?" आणि तो कानापर्यंत लाल होऊन म्हणायचा, "हो. हिच्याशीच." मग दोघं उडी मारायची. तरुणपणी उंच, नंतर नंतर नुसता एकेक पाय टाकून. दर वर्षी माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि केरेन्सा मला सर्दी झाली का म्हणून चिडवायची.

नियमाला ती फार कडक. एकदा एक नवरा रिंगणात पिऊन आला होता. त्याच्या बायकोनं कानात सांगितलं तेव्हा कुठे "हो" म्हणाला. केरेन्सानं त्यांच्या हातातली दोरी काढून घेतली. "उसना होकार चालत नाही," म्हणाली. ती दोघं तिच्याशी पुन्हा बोलली नाहीत, पण आमच्या मंडळाचा तोच नियम झाला.

गेल्या हिवाळ्यात हेडली बर्चच्या काड्या आणायला गेला आणि काटेरी झुडपाचा भारा घेऊन आला. दोन्ही हात रक्तानं भरलेले. "या वर्षी काड्या जरा टोचतात गं," म्हणाला. केरेन्सानं काटे काढले, हात धुतले, आणि त्याच्यासमोर तो भारा शेडमध्ये नीट रचून ठेवला. मला तिनं हे सांगितलं तेव्हा मी समजले, की आता काही खरं नाही.

मग तिचा चेहरा त्याच्या डोक्यातून गेला. नाव राहिलं, चेहरा गेला. संध्याकाळ झाली की टोपी हातात घेऊन दारात उभा राहायचा आणि तिलाच विचारायचा, "बाई, तुमचा पाहुणचार झाला. आता मला घरी जाऊ द्या. केरेन्सा वाट बघत असेल."

"मीच केरेन्सा रे."

"चेष्टा करू नका बाई."

रोज हेच. एकदा त्याला वाटलं घरात चोर शिरलाय, आणि त्यानं तिला ढकललं. तिचं मनगट मोडलं. ते प्लास्टर बघून प्लिमथहून त्याची भाची जिलियन आली. कागदोपत्री त्याचं जवळचं माणूस तीच. ती वाईट नव्हती, हेच तर वाईट. वाईट असती तर भांडता आलं असतं. तिनं केरेन्साला सांगितलं, "तुझ्यानं आता हे होत नाही. माझ्या घराजवळ चांगला वृद्धाश्रम आहे. पण पहिल्या मेला मी तुमच्या रिंगणाला येते. मामा आपल्या तोंडानं हो म्हणाला, तर मी त्याला हलवणार नाही, घरी मदतनीस ठेवू. नाही म्हणाला, तर सोबत घेऊन जाते."

मी केरेन्साला गाठलं. "हे बघ, त्यानं मान हलवली तरी मी होकार धरीन. पुजारीण मी आहे."

"मान मेंढीपण हलवते, विनी."

"मग मी हळूच सांगते त्याला."

"आणि मी त्या दोघांची दोरी काढून घेतली होती, त्यांना काय तोंड दाखवू?" सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही, अशी बाई. मोडक्या मनगटानं तिनं खराटा बांधला. सालीचं एक टोक दातात धरून. मला हात लावू दिला नाही.

पहिल्या मेला दुपारी ऊन होतं. कुंपणाला पांढरी फुलं आली होती, मी केशराचे पाव केले होते. जिलियन शेताच्या फाटकापाशी उभी राहिली. केरेन्सानं खराटा फिरवून रिंगण साफ केलं, आडवा ठेवला आणि हेडलीच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं निळा झगा घातला होता, त्याला आवडायचा तो.

मी तिला विचारलं, "पुढचं वर्ष?"

"हो. ह्याच्याशीच."

मग त्याला विचारलं. हेडलीनं तिच्याकडे पाहिलं, खराट्याकडे पाहिलं. त्याला उडी कळली, कशासाठी असते तेही कळलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं टोपी काढली.

"माफ करा बाई," तो तिला म्हणाला. "तुम्ही चांगल्या आहात, पण मी लग्न झालेला माणूस आहे. केरेन्सा तिचं नाव. मी तिच्याशिवाय कुणाबरोबर उडी मारत नाही."

मी ओरडलेच, "झालं! हाच होकार! नाव घेतलं त्यानं तुझं!"

"तो नाही म्हणालाय, विनी."

"अगं, तुझ्यासाठीच नाही म्हणालाय!"

"नाहीच म्हणालाय ना?"

जिलियन रडत आत आली. "राहू दे. मी काही नेत नाही. मला नाही नेता येणार त्याला."

पण हेडलीनं तिचीच बाही धरली. "पोरी, तुझ्याकडे गाडी आहे ना? मला घरी सोड. फार दिवस झाले गं. ती एकटी आहे."

केरेन्सानं डोळे मिटले, उघडले. "ने त्याला," ती म्हणाली. "माझ्याजवळ असेपर्यंत तो रोज मला सोडून घरी जायला निघणार. हिच्याबरोबर निदान गाडीत बसून घरी निघालोय असं तरी वाटेल."

मला त्या क्षणी आमच्या देवीचा इतका राग आला, की हातातला पेला मी गवतात फेकून दिला. तो अजून उचललेला नाही.

केरेन्सानं त्याला गाडीत बसवलं. एका हातानं पट्टा लावता येईना, तर त्यानंच अदबीनं मदत केली. मग तो खिडकीतून म्हणाला, "बाई, तुमची वाट बघणारं घरी कुणी आहे ना?"

"आहे," केरेन्सा म्हणाली.

हेडलीला बरं वाटलं. "मग तुम्हीही निघा. उशीर करू नका. वाट बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो."

जिलियननं गाडी सुरू केली.