अजून तयारी चालू आहे

'तयारी' या शब्दाला माणसाचं रूप द्यायचं देवाच्या मनात आलं असतं, तर त्याने माझ्या मेहुण्यालाच घडवलं असतं; तेही एखादा कोर्स बाकी ठेवून. सिंदी मेघे गावातल्या त्याच्या घरात एम.बी.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि ग्रामीण व्यवस्थापन अशा तीन पदव्या भिंतीवर नांदत होत्या आणि चौथीचा प्रवेश झाला होता. प्राध्यापकांची त्याला कीव यायची. "पीएच.डी.वाले जिंदगीभर कॉलेजातच राहून जातात, भाऊजी. आपली डिग्री बाहेरच्या दुनियेसाठी आहे," असं तो मला कॉलेजला जाता जाता सांगे. तोवर त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

शिकलेलं वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा बाणा. चुलत बहिणीच्या साखरपुड्यात त्याने दोन्हीकडच्या मंडळींसमोर नवरदेवाची बलस्थानं आणि उणिवा लॅपटॉपवर दाखवल्या. बलस्थानांत फक्त 'स्वतःची मोटारसायकल' होती. लग्न मोडता मोडता वाचलं, आणि त्याचं श्रेयही त्याने 'संघर्ष व्यवस्थापन' या पेपरलाच दिलं.

सासूबाईंना मात्र एकच घोर होता. त्या थकत चालल्या होत्या आणि पोरगा कामाला लागलेला पाहायचा राहिला होता. "डिग्र्यायचं काय लोणचं घालतं का, बाबू? माह्या डोळ्यांदेखत एकदा डबा घेऊन कामावर जाय ना," त्या म्हणत.

आईच्या शब्दाखातर तो हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुलाखतीला गेला. शेठजींनी पहिला प्रश्न विचारताच, तो प्रश्नच कसा चुकीचा आहे हे त्याने समजावलं. मग मुलाखत कशी घ्यावी ते, आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत जिनिंग कसं चालवावं तेही. शेवटी शेठजी मुनीमजींना म्हणाले, "याले ठेवून घ्या. बाहेर राह्यला तं हा रोज येऊन सांगीन."

आता तो सकाळी डबा घेऊन बस पकडतो. सासूबाई फाटकाशी उभ्या राहतात, बस दिसेनाशी झाली तरी आत जात नाहीत. घरात शांतता आहे, जिच्यासाठी आम्ही सगळ्यांनी नवस बोलले होते.

परवा संध्याकाळी, माझ्या मुलीने बी.कॉम.नंतर काय करावं, हे विचारायला मी गेलो. पूर्वी या प्रश्नावर त्याने मला जेवायलाही उठू दिलं नसतं. केसांत कापसाचे तंतू तसेच ठेवून तो खाटेवर पडला होता. "तिले जे आवडते ते करू द्या, भाऊजी," एवढं म्हणाला आणि कूस वळवून झोपला. "झोपू द्या त्याले, लय थकते," सासूबाई आतून हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुख होतं.

उत्तर बरोबरच होतं. तरी मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो, तो उठून आणखी काहीतरी सांगेल म्हणून.