हाऊस, ट्रान्स आणि मामांचा स्क्रू

संगमनेरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माझ्या मित्राचा नाच फसला, तो माझ्यामुळे. खापर त्याच्यावर फुटलं आणि मी ते फुटू दिलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलेज सुटलं की मी मामांच्या कॅसेटच्या दुकानात बसायचो. गिऱ्हाइकाने आवडीची गाणी सांगायची, आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायची. फळीवर भजनं, लावण्या, हिंदी असे कप्पे होते. बाकी जे कळत नाही ते सगळं 'डिस्को'.

मित्र माझ्याच वर्गातला. चर्चमध्ये रविवारी गीतांना ढोलकी तोच वाजवायचा. त्याचा थोरला भाऊ गोव्याला हॉटेलात कामाला होता. सुट्टीवर येताना त्याने काही कॅसेटी आणल्या. वर नाव ना गाव, आत नुसते मशीनचे ठोके. यात हाऊस, टेक्नो, ट्रान्स, जंगल असे प्रकार असतात, एवढं भावाने सांगितलं. कोणतं कोणतं, हे त्यालाही धड सांगता येईना.

आम्हाला तेवढं पुरे झालं. रोज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आम्ही त्या कॅसेटी लावून बसू. ठोका तर सगळीकडे सारखाच, धप् धप् धप् धप्. मग फरक कशात? मित्र डोळे मिटून बोटांनी काउंटरवर ताल धरायचा.

"हे ऐक. एक ठोका सोडून एकावर टाळी पडते. आणि दोन ठोक्यांच्या मधे झांजेसारखं 'त्स' वाजतं. त्यानंच कंबर हलते. हे हाऊस."

"आणि हे?"

"यात माणूसच नाही. कारखाना चालू आहे नुसता. टेक्नो."

ट्रान्सचं त्याने फार छान सांगितलं होतं. सूर हळूहळू चढत जातो, भजनात गजर चढतो तसा. मग ठोका एकदम थांबतो, श्वास अडकतो, आणि तो परत पडला की सगळे सुटतात. जंगलमध्ये वरचे ठोके सुसाट आणि खालचा खर्ज संथ; ते ऐकून तर आम्ही हसत सुटलो. "वर पोरं पळतायत आणि खाली म्हातारा चाललाय," तो म्हणाला.

मला हे सगळं मोघम वाटे. मी शास्त्राचा विद्यार्थी. घड्याळ लावून मिनिटाचे ठोके मोजायचे, कमी ते हाऊस, त्याहून जास्त ते टेक्नो, आणखी जास्त ते ट्रान्स, अशी माझी व्याख्या होती. एका गाण्यावरून आमचं जुंपलं. तो म्हणे हाऊस. माझ्या मोजणीत ते सरळ ट्रान्समध्ये जात होतं.

"लेका, वेगावरून कसं ठरेल? बैल पळाला म्हणून घोडा होतो का?"

"आणि तुझ्या कंबरेवरून ठरतं का?"

त्याच गाण्यावर त्याने सात जणांचा नाच बसवला. सराव घरी, मूळ कॅसेटवर. पण कॉलेजचा डेक फीत गिळायचा, म्हणून तिथे कुणी मूळ कॅसेट देत नसे. त्याने मला नक्कल भरून मागितली. ती मी ऐन कार्यक्रमाच्या दिवशी त्याच्या हातात ठेवली.

नाच सुरू झाला आणि दोन कडव्यांएवढ्या वेळात मोडला. पाय मागे, गाणं पुढे. एक जण दुसऱ्यावर आदळला. मागच्या बाकांवरून ओरडा झाला, "अरे, मास्तर बदला!" खाली उतरल्यावर पोरं त्याच्यावर तुटून पडली: तालच कळत नाही तर नाच कशाला बसवतोस? तो माझ्याकडे बघत म्हणाला, "असं कसं झालं रे?"

मी म्हणालो, "तुला सांगितलं होतं. ट्रान्स आहे ते. तू हाऊस समजून बसवलंस."

त्याच आठवड्यात मामा कॅसेट भरत होते. मूळ कॅसेट वाजवायच्या डेकच्या मोटरच्या भोकात पेचकस घालून म्हणाले, "हा स्क्रू जरा पिळला की डेक पळतो. एका कॅसेटीत दोन गाणी जास्त बसत्यात. गिऱ्हाइकाला काय कळतंय?" हे मला आधीही ठाऊक होतं. त्याच डेकवर ठोके मोजताना मात्र एकदाही आठवलं नव्हतं. शेजारच्या दुकानातल्या डेकवर मूळ कॅसेट लावून ते गाणं मोजलं. माझ्याच व्याख्येने ते हाऊस निघालं. माझी मोजणी चुकलेली होती, आणि मी दिलेली नक्कलही पळती होती.

मी कुणाला काही बोललो नाही. मामांची लबाडी उघडी पडेल, असं मनाला सांगत राहिलो. खरं तर मला हरायचं नव्हतं.

ईस्टरला त्याच्याकडे जेवायला गेलो. त्याआधी चर्चमध्ये ढोलकीवर दुसराच मुलगा दिसला होता. त्याची आई म्हणाली, "आता नाही वाजवत. म्हणतो, माझ्या तालाचा मलाच भरवसा नाही." मी मान खाली घालून जेवलो.

पुढे तो नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला. मी दोन-तीनदा त्याच्या खोलीवर गेलो आणि इकडचं तिकडचं बोलून परतलो. दशक संपता संपता पुन्हा गेलो. या वेळी चपला काढायच्या आधीच, दारातच बोललो.

"गॅदरिंगला तुझा ताल चुकला नव्हता. मी दिलेली कॅसेट पळत होती, आमच्या डेकमुळे. मला त्याच आठवड्यात कळलं होतं आणि मी गप्प बसलो. ते हाऊसच होतं, तू म्हणालास तसं. माझं चुकलं. मला माफ कर."