दीर्घिकेच्या शेजारचा ठिपका

मंडळी, सुट्टीला वसईला घरी आलेय आणि आज दुपारी माझ्या दीर्घिकेचं चित्र कॉम्प्युटरवर अखेर स्वच्छ उमटलं! सगळी पीएचडी त्याच्यावर अडली होती.

दीर्घिकेकडून येणाऱ्या रेडिओलहरी आपल्या वातावरणात डळमळतात आणि चित्र फिसकटतं. म्हणून दुर्बिणी मधूनमधून शेजारच्या एका तेजस्वी ठिपक्याकडे वळवतात. त्याची जागा पक्की माहीत असते. त्याच्या लहरी जेवढ्या बिघडलेल्या दिसतील, तेवढीच दुरुस्ती दीर्घिकेच्या लहरींत करायची.

बाबांना हे सगळं सांगितलं, तर म्हणाले, "मग त्या ठिपक्याचा फोटो दाखव की."

तो मी काढलाच नव्हता. त्याच्याकडे बघायचं, ते दीर्घिकेसाठी.

मग घरचा अल्बम आठवला. आमची बारशी, वाढदिवस, नायगावच्या आत्याचं लग्न, सगळं आहे. बाबा मात्र कुठेच नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात.

बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातल्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता. त्यांना बाल्कनीत बसवलं, म्हटलं, "बाबा, आता अजिबात हलू नका हं."

ते हसले, आणि हलले. धूसर आला तरी मला हवाय.

तुमच्या अल्बममध्ये कोण नाहीये?