इंग्रजीत सांग

तेजश्रीचा डोळा लागतो तो वसतिगृहाच्या तळघरात, कपडे वाळवायच्या यंत्रासमोर, भर दुपारी. बाहेर बर्फ, आत चिटपाखरू नाही. पोरगी हुशार हो, पण लीड्सला शिकायला येऊन पाच महिने झाले तरी वर्गात मिठाची गुळणी धरून बसते. वडील, म्हणजे अण्णा, फोनवर विचारायचे, तेव्हा मात्र ठोकून द्यायची, “इंग्रजी? फाडफाड बोलते!” तीन आठवड्यांपूर्वी अण्णा गेले. तेही हिनं इथं कुणाला सांगितलेलं नाही.

यंत्र घरघरतं. कुणीतरी म्हणतं, “बेअरिंग गेलंय ह्याचं.”

अण्णा! हातात टेस्टर, गुडघ्यावर बसलेले. कराडात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात जन्म गेला माणसाचा; मेल्यावर तरी स्वस्थ बसतील तर शपथ.

“अण्णा, तुम्ही कधी आलात?”

“ते ऱ्हाऊ दे. पान्हा दे.”

ती पान्हा देते, तर हे कराडचं दुकान. तांब्याच्या तारेची भेंडोळी, वार्निशचा वास. दाराबाहेर मात्र बर्फच पडतोय.

“काय गं, बोलतीस न्हवं इंग्रजी?”

आता खोटं कसं बोलणार? “नाही अण्णा. चुकलं तर हसतील, भीती वाटते. तुम्ही गेलात, तेसुद्धा सांगितलं नाही कुणाला.”

अण्णांचा हात थांबतो. “म्हंजे एकटीच रडतीस?”

“रडतेय कुठं? त्यालाही समोर कुणीतरी लागतं.”

“मग मला सांग. इंग्रजीत.”

“तुम्हाला कुठं कळतंय?”

“मोटार कुठं बोलती? तरी कळतंय न्हवं मला? सांग.”

दुकानाचा वर्ग झालेला असतो. पहिल्या बाकावर अण्णा, हाताची घडी घालून. तेजश्री इंग्रजीत सांगते, अडखळत, चुकत, मोठ्यानं: माझे वडील वारले. मी तिथं नव्हते. शेवटच्या फोनवरही मी त्यांना खोटंच सांगितलं.

अण्णा मान डोलावतात. “कळलं,” म्हणतात. पुढच्या क्षणी बाक रिकामा.

तिला जाग येते. यंत्र थांबलंय. तिच्या मुठीत कागदी रुमाल आहे. कधी घेतला, आठवत नाही. समोर एक अनोळखी मुलगी उकिडवी बसलीय, मांडीवर रुमालांचं पाकीट.

“तुझ्या वडिलांचं ऐकलं मी,” ती इंग्रजीत म्हणते. तिचंही अडखळतच. “झोपेत बोलत होतीस. नाव काय होतं त्यांचं?”

“नामदेव,” तेजश्री म्हणते, आणि त्या रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडते.