तीस दिवस आणि सहा आठवडे

पोटातल्या गर्भाचे वय नेमके कोणत्या दिवसापासून मोजतात, या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. प्रश्न अवघड नाही. नोकरीची सगळी वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. तरी हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने एकदाच विचारला गेला, तोही शाळेबाहेर, एका घराच्या ओट्यावर. मी दिलेले उत्तर चुकीचे होते आणि त्यामुळे त्या घरातली सून घराबाहेर गेली. म्हणून घडले ते क्रमाने सांगतो.

माझी शाळा जवळा बाजारपासून थोड्या अंतरावरच्या गावात होती. शाळेमागच्या वस्तीत मेंढ्या राखणारे एक कुटुंब राहत असे: म्हातारा, म्हातारी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा माझा विद्यार्थी होता. दिवाळीनंतर कळप घेऊन तो वऱ्हाडाकडे जाई आणि पेरणीच्या आधी परत येई. त्या वर्षी लग्न नवे होते, म्हणून सुनेला कळपाबरोबर न पाठवता घरीच ठेवले होते.

म्हाताऱ्याची मोजण्याची एक पद्धत होती आणि तिच्याबद्दल मला आदर होता. मेंढी ज्या दिवशी फळेल, त्या दिवशी तो तिच्या पाठीवर कावेचा, म्हणजे लाल मातीचा, पट्टा ओढी आणि तिथून पाच महिने मनात धरी. ‘ही या पंधरवड्यात व्यायची,’ असे तो म्हणाला की ती त्या पंधरवड्यात व्यायची. मी नववीच्या मुलांना त्याच्या मेंढ्यांच्या वाड्यावर नेऊन हे दाखवले होते. निरीक्षण करा, दिवस धरा, मोजा, पडताळा: मी वर्गात जे सांगत असे, ते हा माणूस करत होता.

मुलगा कळप घेऊन परत आल्यानंतर महिन्याभराने त्यांनी मला बोलावले. शाळा उघडायला चार दिवस होते. ओट्यावर म्हातारा, त्याचा धाकटा भाऊ आणि मुलगा बसले होते. म्हातारी दारात उभी होती. सून आत भाकरी थापत होती. हिंगोलीच्या दवाखान्यात त्याच सकाळी केलेल्या तपासणीचा कागद म्हाताऱ्याने माझ्या हातात दिला.

“गुरुजी, काय लिवलंय ते बराबर वाचा. इंग्रजीत हाय.”

मी वाचले आणि म्हणालो, “आनंदाची बातमी आहे. सहा आठवडे झाले आहेत. गर्भाचे ठोकेसुद्धा दिसत आहेत.”

कोणी हसले नाही.

“सहा आठवडे म्हंजी दिवस किती?” धाकट्या भावाने विचारले.

“बेचाळीस.”

“आन् आमचं पोरगं घरी येऊन तीस झाले,” म्हातारा म्हणाला. “आज तिसावा. मी मोजून राहिलो व्हतो.”

तेव्हा कुठे मला कळले की कागद वाचायला मला का बोलावले होते. मुलगा माझ्याकडे पाहत होता. वर्गातल्यासारखेच, हात गुडघ्यांवर ठेवून.

“सर, तुमी शिकवलं व्हतं. दोन पेशी एक व्हतात, तो पहिला दिवस. मंग हे सहा आठवडे तिथूनच धरायचे ना?”

“तिथूनच,” मी म्हणालो.

“आमचं मेंढराचं बी तसंच,” म्हातारा भावाला म्हणाला. “फळली तो दिवस धरायचा.”

म्हातारी दारातून म्हणाली, “बायकांचा हिशोब अलग राहतो, गुरुजी. बाई भाहेर बसती, ते...”

एवढे बोलून ती थांबली. पुढचा शब्द तीन पुरुषांसमोर आणि गावच्या शिक्षकासमोर उच्चारायचा नव्हता.

“तू गप,” म्हातारा म्हणाला. “गुरुजीलाच शिकवून राहिली!”

“वैनीला घ्या की शाळेवर,” भाऊ म्हणाला. “गुरुजी बसतेल मेंढरामागं.”

तेवढ्यापुरते सगळे हसले. मीही हसलो. मग वर्गातल्या आवाजात म्हणालो, “मावशी, शास्त्र सगळ्यांना एकच असते. मेंढीला निराळे आणि बाईला निराळे, असे नसते.”

“म्हंजी नक्की, सर?” मुलाने पुन्हा विचारले.

“नक्की.”

आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

त्या क्षणी मला काय वाटले हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. या उत्तराने काय होईल, हे मला समजत होते. तरीही आपण खरे तेच सांगितले, असे मला वाटले. त्या पाठाबद्दलही एक कबुली द्यायला हवी. शरीराचा तो भाग मी वर्गात नेहमी घाईने उरकत असे. आकृती फळ्यावर काढायची, फलन, युग्मनज, पेशीविभाजन, रोपण हे शब्द सांगायचे आणि मुलींच्या बाकांकडे न पाहता पुढच्या पाठाला लागायचे. पाळीच्या चक्राचा परिच्छेद मी ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देत असे. जो परिच्छेद मी स्वतः कधी मोठ्याने वाचला नाही, त्यातच त्या दिवशीचे उत्तर होते.

तिसऱ्या दिवशी सुनेला कनेरगाव नाक्याला, तिच्या माहेरी, पोहोचवण्यात आले. आरडाओरडा झाला नाही. पहिले बाळंतपण माहेरी होतेच, म्हणून गावात कोणी फार विचारले नाही. जरा लवकर गेली, एवढेच काही बायका म्हणाल्या. मुलगी झाली. तिला बघायला या घरातून कोणी गेले नाही.

पुढे वर्षभराने माझ्या स्वतःच्या मुलीला दिवस राहिले. जावई कामावर होते, म्हणून तिच्याबरोबर दवाखान्यात मी गेलो. परिचारिकेने पहिलाच प्रश्न विचारला, “शेवटची पाळी कधी आली होती?” मुलीने माझ्याकडे न पाहता तारीख सांगितली. परिचारिकेने पुठ्ठ्याची गोल चकती फिरवली आणि म्हणाली, “आठ आठवडे.”

“त्या तारखेला गर्भ कुठे होता?” मी विचारले.

“नव्हताच, काका. पण गर्भ राहिला तो दिवस कोणाला कळतो? पाळीचा दिवस बाईला पक्का माहीत असतो, म्हणून सगळे तिथून मोजतात. खरा गर्भ दोन आठवड्यांनी लहान असतो. तपासणीच्या कागदावरचे आठवडेही याच हिशोबाचे.” आणि ती पुढच्या बाईकडे वळली.

मी बाकावर बसून राहिलो. बेचाळीस वजा चौदा: अठ्ठावीस. कागदाच्या दिवशी खरा गर्भ अठ्ठावीस दिवसांचा होता आणि मुलाला घरी येऊन तीस झाले होते. दोन दिवस उरत होते. हिशोब जुळत होता. तो त्या दिवशीही जुळतच होता.

म्हाताऱ्याची पद्धत मेंढीसाठी चूक नव्हती. मेंढी माजावर येते ती दिवस-दीड दिवस, नर सोडलेला दिसतो आणि फलन त्याच सुमारास होते. पाहिलेला दिवस आणि खरा दिवस यांत फरक उरत नाही. बाईच्या शरीरात अंडपेशी सुटते, तेव्हा बाहेर कसलीही खूण दिसत नाही. पुढचा प्रवासही निराळा आहे. मेंढीचा गर्भ दोन आठवडे गर्भाशयात मोकळा राहतो आणि दोऱ्यासारखा लांबत जातो. माणसाचा सहासात दिवसांतच अस्तरात रुतू लागतो. ‘निराळे असे नसते’ हे माझे वाक्य या बाबतीतही टिकत नाही.

तेव्हापासून ते तीस दिवस मला पाठ झाले आहेत. न ठरवता ते सुरू होतात. मुलगा घरी आला त्या दिवशी कळप वाड्यात उतरला. दोन दिवसांनी सुनेची अंडपेशी सुटली असावी. ती जेमतेम एक दिवस टिकते. अंडनलिकेत फलन झाले. टाचणीच्या टोकाहून बारीक अशी एक पेशी. तिथून मोजून तिसऱ्या दिवशी आठ पेशी, पण आकार तेवढाच. त्याच आठवड्यात मी तिला अंगणात लोकर वाळत घालताना पाहिले होते. तिने पदर सावरून “बसा, गुरुजी” म्हटले होते. पाचव्या दिवशी आतून पोकळ असा गोळा. सातव्या दिवसापर्यंत तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागलेला. चौदाव्या दिवसाच्या सुमारास पाळी यायची ती आली नाही. तेव्हा दवाखान्याच्या हिशोबाने चार आठवडे झाले होते आणि गर्भ होता दोन आठवड्यांचा. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय हलू लागले. अठ्ठाविसाव्या दिवशी तो ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आणि मी त्याच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर बसून ‘नक्की’ म्हणालो.

पुढच्या वर्षी फळ्यावर आठ पेशींची आकृती काढताना माझा हात थांबला. मुलांना वाटले मी पुढचे विसरलो. त्या ओट्यावरून जाताना आतून भाकरी थापण्याचा आवाज येत नसे. म्हणून मी शाळेचा रस्ता बदलला.

शेवटी मी कनेरगाव नाक्याला गेलो. रस्त्याला लागून सुनेच्या भावाचा ढाबा होता. मागच्या बाजूला ती भाकरी करत होती आणि मुलगी पोत्यावर बसून चमचा वाजवत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले: पाळीची तारीख, चौदा दिवस, अठ्ठावीस, तीस. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“मला काहून सांगून राहिलात, गुरुजी? मला ठाऊकच व्हतं.”

“मग त्या दिवशी तू बोलली का नाहीस?”

“सासऱ्यासमोर? तुमच्यासमोर? पाळीचं?” तिने पहिल्यांदाच वर पाहिले. “आन् सासूबाई बोलल्याच की. तुमी ऐकलं?”

तिची भावजय पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “प्या, गुरुजी. इतक्या लांबून हिशोब घेऊन आलात.”

मी पाणी प्यालो.

“जिथं बोललात तिथंच बोला,” सून म्हणाली. “त्याच ओट्यावर. तीच माणसं बसवून. सासूबाईला दारात न्हाई, ओट्यावर बसवा.”

मी तसे केले. सासू ओट्यावर बसायला तयार नव्हती. मी उभा राहिलो, तेव्हा ती बसली. मी पाळी हा शब्द मोठ्याने उच्चारला, कॅलेंडर उघडून दिवस बोटाने दाखवले आणि म्हणालो, “मावशींचे बरोबर होते. माझे चुकले.”

म्हातारा बराच वेळ बोटांवर मोजत राहिला. दोनदा मोजले. मग म्हणाला, “माझ्या मेंढराचं तरी बराबर व्हतं ना?” मी हो म्हणालो. त्याने मान खाली घातली. धाकटा भाऊ उठून गेला.

“मी सांगत व्हते,” म्हातारी म्हणाली. एवढेच.

मुलगा म्हणाला, “सर, मी दोनदा इचारलं व्हतं. दोनदा.”

दुसऱ्या दिवशी तो कनेरगाव नाक्याला गेला. तिने मुलीला त्याच्या मांडीवर बसवले, जेवायला वाढले, पण परत आली नाही. “गुरुजीचं चुकलं, ते मान्य हाय,” ती त्याला म्हणाली. “पर तुमी मला कुठं इचारलं? तुमी गुरुजीलाच इचारलं.” हे त्याने मला स्वतः येऊन सांगितले. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. कळप घेऊन जाताना आणि परत येताना तो आता ढाब्याजवळ थांबतो. मुलगी त्याला ओळखते. बाप म्हणून ओळखते की मेंढ्यांचा माणूस म्हणून, हे त्याला अजून समजलेले नाही.

प्रश्नाचे उत्तर असे आहे: दवाखान्याच्या कागदावरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले असतात, आणि खरा गर्भ त्याहून साधारण चौदा दिवसांनी लहान असतो. साधारण म्हणायचे, कारण सगळ्यांचे चक्र सारखे नसते. मी एकदा ‘नक्की’ म्हणालो होतो, म्हणून या वेळी माझ्या शब्दावर विसंबू नका. घरात असा कागद असेल तर तो घ्या, जिचा आहे तिला पाळीची तारीख विचारा, कॅलेंडरवर स्वतः मोजा, डॉक्टरांना विचारून घ्या, आणि मी इथे लिहिलेले बरोबर आहे की नाही ते तपासून पाहा.