महादेव काकांच्या परिचयातला ‘कधीच’

मी विनायक देवरावजी डंभारे, बी.कॉम., वय चौपन्न, राहणार सेलू. एका जिनिंगमध्ये वजनकाट्याचे काम पाहतो आणि चाळीस वर्षांपासून शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, शौकीन आहे. पटाविषयी मी या पानावर जे आजवर लिहिले, त्यात एक चूक राहिली आहे... ती दुरुस्त करण्यासाठी ही पोस्ट.

परवा रविवारी देवळीजवळच्या एका गावी पट होता. तिथे महादेव काकांचा सत्कार ठरला होता आणि त्यांचा परिचय वाचण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले होते. काका म्हणजे आमच्या भागातले जुने धुरकरी... छकड्यावर बसून जोडी पळवणारे.

आठवीत असताना मामांसोबत मी पहिला पट पाहिला, त्यात पहिली आलेली जोडी त्यांचीच. उजवीकडे हरण्या, डावीकडे बजरंग. बाकीच्यांच्या हातात तुतारी, म्हणजे टोकाला खिळा बसवलेली काठी, आणि काकांच्या हातात नुसता पांढरा दुपट्टा.

तो त्यांनी एकदा हवेत फिरवला आणि जोडी अशी निघाली की माझ्या हातातले भजे हातातच राहिले. पंचांच्या घड्याळात किती सेकंद पडले, ते मी आजही पॉइंटासह सांगू शकतो.

पुढे पट बंद झाले. बैलांचे हाल होतात, असे लोक म्हणत... आणि ते खोटे नव्हते, शेपट्या पिरगाळताना मी स्वतः पाहिले होते. अशा वेळी मी काकांचे उदाहरण देत असे. ‘महादेव काकांनी जनावराला कधीच टोचले नाही, मी डोळ्यांनी पाहिले आहे.’

जिनिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, या पानावर... हे वाक्य मी इतक्यांदा सांगितले की मित्र ते माझ्याआधी पूर्ण करतात. खरे सांगायचे तर त्या एका वाक्याच्या आधारावरच पट पुन्हा सुरू झाल्यावर मी निर्धास्तपणे जाऊ शकलो.

परिचयात ते वाक्य अर्थातच होते. मंडपामागे काका खुर्चीवर बसले होते. त्यांना आता कमी दिसते, म्हणून म्हणाले, ‘वाचून दाखवा बाबू, काय लिवलं ते.’ मी वाचत गेलो. त्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

‘ते “कधीच” काढा.’

का, म्हणून विचारले.

‘एक डाव टोचलं होतं ना. दुपट्ट्याच्या गाठीत बाभळीचा काटा बांधून गेलतो. बजरंग त्या दिवशी मनावर घेत नोता.’

कोणत्या पटात, असे मी विचारले... विचारायला नको होते. त्यांनी सांगितले ते गाव मामांसोबत मी गेलो होतो तेच, आणि त्या गावी पट एकदाच भरला होता.

‘मंग वर्षभर तो माया हातचा चारा खाये नाई,’ काका म्हणाले. ‘बायकोच्या हातचा खाये. मी कोठ्यात गेलो का तोंड फिरवे.’

इतकी वर्षे कोणाला बोलला नाहीत, असे म्हणालो, तर ते हसले. ‘कोनं पुसलंच नाई. तुमीच सांगत राह्यले जिकडं तिकडं. मले वाटे, एवढा शिकलेला मानूस सांगून राह्यला, त असन बा तसंच.’

‘मग आज का, काका?’

‘आज शाल टाकून राह्यले ना अंगावर.’

मी ते वाक्य खोडले. मंचावर परिचय वाचून संपवला आणि खाली उतरणार, तोच निवेदन करणारा माझा जुना मित्र प्रकाश माईकवर म्हणाला, ‘विनायकभाऊ, तुमचं मेन तं राहूनच गेलं... ते कधीच टोचलं नाई वालं.’ लोक हसले. वजनकाट्यावर कोणी हिशेब विचारला तर मी क्षणभरही अडत नाही. तिथे मात्र हातात कागद धरून उभा राहिलो.

काकांनीच माईक मागून घेतला. ‘टोचलं होतं. मीच काढाले लावलं ते,’ म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणाले, ‘बुढा मजाक करून राह्यला.’ प्रकाशने माईक परत घेतला आणि म्हणाला, ‘एवढं नाव, पण गर्व नाई पहा.’ शाल आली, नारळ आला.

काका माझ्या दिशेने मान वळवून म्हणाले, ‘सांगा ना बाबू या लोकायले.’

मी सांगितले नाही. टाळ्या चालू होत्या, हे कारण पुरेसे नाही, हे मला कळते.

म्हणून इथे लिहितो. महादेव काकांनी बजरंगला एकदा काटा टोचला होता. मी त्या वेळी तिथे होतो आणि मला तो दिसला नाही, कारण मी सारा वेळ त्यांचा दुपट्टाच पाहत होतो.

यापुढे काय मानावे, याबाबत मी गोंधळलो आहे. ती धाव आठवली की आजही अंगावर काटा येतो आणि लगेच त्या शब्दाचीच लाज वाटते. काकांविषयीचा आदर कमी झाला म्हणावा, तर तो परवापासून वाढल्यासारखा वाटतो... दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे, ते मला जुळवता आलेले नाही.

उद्या त्यांच्याकडे जाणार आहे. मंचावर गप्प राहिलो त्याची माफी मागायची आहे आणि खरे सांगितले त्याबद्दल आभारही मानायचे आहेत. यातले आधी कोणते, ते अजून ठरत नाही.

वि. दे. डंभारे
सेलू, जि. वर्धा
मंगळवार, सकाळ