बसलीस का?

तेवीस दिवसांच्या लेकीला पदराखाली घेऊन मी औशाच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसले, तेव्हा आई खिडकीखाली उभी होती. तिच्या एका हातात माझ्या डिंकाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, दवाखान्याच्या कागदांची पिशवी. मला वाटेला लावून तिला तशीच अप्पांना घेऊन सोलापूर गाठायचं होतं. आमच्याकडे सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतिणीला माहेराहून हलवत नाहीत. पण अप्पांच्या छातीत कळा येऊ लागल्या, डॉक्टरांनी ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलं, आणि घरात माझं करायला कुणी उरलं नाही. धाकटी बहीण सुनंदा बारावीला होती, तिला काकांकडे ठेवलं. मला न्यायला नवरा, महेश, दोन दिवसांची रजा टाकून आला.

आईनं डबा खिडकीतून आत दिला आणि म्हणाली, "ओव्याची पुरचुंडी वरच ठेवलीय. लेकराला तेल लावत जा. बाकी काय जमंल ते कर बाई, पर दिवेलागणीला उठू नगं. लेकराला घेऊन बसून ऱ्हायाचं." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं ते गाडी हलली तरी वळवलं नाही. मला राग आला होता. निघताना मायेचं एखादं वाक्य बोलायचं सोडून पुन्हा तेच, असं वाटलं.

कारण त्या दिवेलागणीवरून आमची तेवीस दिवस कुरबूर चालली होती. दिवस मावळायला लागला की आई मला बाजेवर बसवायची, मांडीवर लेक द्यायची, खोलीचं दार लोटून घ्यायची आणि स्वतः दाराबाहेर भाजी निवडत बसायची. ताटं वाढेपर्यंत मी पाय खाली टेकवायचा नाही. शेजारणी बाळ बघायला आल्या तर ती बाहेरूनच सांगायची, "बसलीय ती." का, म्हणून विचारलं की म्हणायची, "त्या टायमाला वारं फिरत असतंय." मी बी.एस्सी. झालेली. मला त्या वाऱ्याचं हसू यायचं आणि दोन-अडीच तास एका जागी बसून पाठीला रग लागायची. लेक तेवढ्या वेळात प्यायची, डुलकी काढायची, दचकून उठायची, पुन्हा प्यायची. किती वेळा, ते मी कधी मोजलं नाही. मला दुसरं काही कामच नव्हतं.

काळेवाडीतली आमची जागा दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक किचन, रस्त्याच्या अंगाला हातभर गॅलरी. खाली इस्त्रीचं दुकान, मोबाइल रिपेअरिंग आणि भेळेची गाडी. महेश चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत होता. त्या महिन्यात त्याला सेकंड शिफ्ट लागलेली. दुपारी एकला कंपनीची बस पकडायचा, तो परत येईपर्यंत मी आणि लेक झोपलेल्या असायचो. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. म्हणजे दुपारपासून घरात आम्ही दोघीच.

आणि तिथं पाणी दिवसाआड यायचं, संध्याकाळी सहाला. तासभर टिकायचं. आमच्या मजल्यावर धार करंगळीएवढी, त्यामुळे कळशी भरली की बादली, बादली भरली की पिंप, असं नळाशी उभंच राहावं लागायचं. ज्या दिवशी पाणी नाही त्या दिवशी तोच वेळ लंगोट धुण्यात आणि कुकर लावण्यात जायचा. लेकीला दहा मिनिटं घ्यायचं, ती डोळे मिटल्यासारखी झाली की गादीवर ठेवायचं आणि पळायचं. ती लगेच रडायची. मी ओल्या हातानं येऊन घ्यायची, ती दोन घोट प्यायची आणि तोंड बाजूला करून, मुठी आवळून, लालबुंद होऊन ओरडायची. साडेपाचला सुरू झालेलं हे आठ-साडेआठपर्यंत चालायचं. दिवसभर शहाण्यासारखी असलेली पोर संध्याकाळ झाली की परक्याची असल्यासारखी वागायची.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक काकू राहायच्या. जिना चढून आल्या, लेकीला उचललं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, पोर भुकेली हो ही. दूध पुरत नाही वाटतं तुझं." वाईट मनानं बोलल्या नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं.

मग मी जे केलं ते माझ्यासारखी अर्धवट शिकलेलीच करू जाणे. प्रॅक्टिकल केलं. संध्याकाळी सातला, लेक रडत असताना, आमटीच्या वाटीत दूध पिळून पाहिलं. वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेवढंच. मला पुरावा मिळाला. आपल्याला दूध नाही, आपली पोर आपल्या मांडीवर उपाशी राहतेय, हे त्या वाटीत बघून मी नक्की करून टाकलं.

आईचा फोन रोज सातच्या सुमाराला यायचा, सोलापूरच्या दवाखान्याच्या जिन्यातून. अप्पांचं ऑपरेशन झालं होतं, पण जखम भरत नव्हती. ती आधी एकच विचारायची, "बसलीस का?" मी नळाशी उभी असायची, कानाशी खांद्यानं फोन दाबलेला. "हो, बसले," म्हणायची. "दूध?" "भरपूर आहे गं." एवढं झालं की ती अप्पांबद्दल बोलायची, आणि मी हूं हूं करत बादली सरकवायची. तिच्या डोक्यावर आणखी माझं ओझं कशाला टाकायचं, असा माझा समजूतदारपणा.

महेशला सांगून मी पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणवली. पहिल्या संध्याकाळी लेक बाटली संपवून गाढ झोपली. पाणी भरून झालं, कुकर झाला, घर शांत. मी गादीशेजारी बसून रडले. तिला माझ्यावाचून चालत होतं. पावडर वाईट म्हणून रडले असं मुळीच नाही, काहींना तिचाच आधार असतो हे मला तेव्हाही कळत होतं. मला वाटत होतं की माहेरून मी एक गोष्ट धड घेऊन आले होते आणि तीही सांडली. आठ-दहा दिवसांत बाटली संध्याकाळची होती ती दुपारचीही झाली, आणि सकाळी छाती भरून यायची तीही हलकी वाटायला लागली.

डोसासाठी दवाखान्यात गेले तेव्हा तिथल्या सिस्टरांनी लेकीला काट्यावर ठेवलं. मावळातल्या, पन्नाशीच्या बाई, आवाज खणखणीत. मी न विचारताच सांगून टाकलं, "सिस्टर, मला दूध येत नाही." त्यांनी माझ्याकडचं कार्ड घेतलं, बाटली सुरू व्हायच्या आधी महेशनं खाजगी दवाखान्यात केलेलं वजन त्यावर होतं.

"ह्ये बग, तवाबी वजन चांगलं वाढलेलं हाय. लंगोट किती वलं करायची त्या टायमाला?"

"आठ-नऊ तरी."

"मंग उपाशी पोर आठ लंगोट भिजवती व्हय?" त्या हसल्या नाहीत. "कधी रडती?"

"संध्याकाळी. फक्त संध्याकाळी."

"बारकी पोरं सांजचं सारखीच मागत्यात. घडीघडीला. जेवढं वढतील तेवढं दूध वाढतं. वाटीत पिळून काय कळत न्हाई, पोराच्या तोंडाला येतं ते वाटीला येत न्हाई. सांजचं घेऊन बसती का न्हाई?"

मी म्हटलं, "त्या वेळी पाणी येतं."

"मंग पाणी दुसऱ्या कुनाला भरू दी."

मी तिथल्या बाकावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही. औशाच्या स्टँडवरची आई डोळ्यांसमोर आली. वारं फिरतं की नाही, मला अजूनही माहीत नाही. पण त्या वाऱ्याच्या नावाखाली आमच्या घरात कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीचे रोजचे दोन-अडीच तास राखून ठेवले होते. त्या वेळात तिला भाकरी थाप, पाणी आण म्हणायची सासूचीही छाती नव्हती. मी तो नियम अडाणीपणा म्हणून गावाकडेच ठेवून आले होते आणि इथं नळाशी उभी राहून दुधाचा हिशेब विचारत होते.

सिस्टरांनी बजावलं होतं, डबा एकदम बंद करायचा नाही, थोडा थोडा कमी कर आणि दर आठवड्याला वजनाला आण. ते मला जमण्यासारखं होतं. न जमणारी गोष्ट दुसरीच होती. त्या संध्याकाळी मी जिना उतरून काकूंच्या दारात उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा शेजारणीला म्हटलं, "काकू, सहाला माझं पाणी भरून द्याल का? मला बसायचंय." काकूंनी पदराला हात पुसले. "अगो, मग आधी नाही का बोलायचंस! मला आपलं वाटायचं, हिला कुणी मध्ये मध्ये केलेलं चालत नाही."

त्या दिवसापासून काकू किचनमध्ये आणि मी खोलीत. दार लोटलेलं. लेक प्यायची, ओरडायची, पुन्हा प्यायची. पहिले आठ दिवस मला रोज वाटायचं की हे होणार नाही. आणखी दोन-तीन आठवडे गेले, तेव्हा डबा कपाटावर गेला. तिसरा महिना सरता सरता संध्याकाळचं रडणंही आपोआप थांबलं.

अप्पा सावरल्यावर आई काळेवाडीला आली. लेक तेव्हा पाच महिन्यांची होती. मी तिला सगळं सांगितलं, वाटीसकट. ती लेकीच्या पायाला तेल चोळत होती. वर न बघता म्हणाली, "फोनवर नळाचा आवाज यायचा गं. रोज. तू बसलेली न्हाईस, कळायचं मला. पर तितून म्या काय करणार व्हते?" मला वाटत होतं मी तिच्यापासून लपवलं. ती बिचारी ते सगळं ऐकून, मग आत जाऊन अप्पांना पेज भरवत होती.

गाव सोडून आलेल्या आणि गावातच राहिलेल्या माझ्या मैत्रिणी विचारतात, आता तुझं घर कोणतं? आधार कार्डावर काळेवाडी आहे. महेश आता सुपरवायझर झालाय, लेक चौथीत आहे. औशाकडचं घर आहे, आई-अप्पा तिथंच आहेत. पण मला विचाराल तर दिवेलागणीला तुमच्याऐवजी उठणारं माणूस जिथं असेल, ते घर. ते मला आधी माहेरी मिळालं होतं आणि मग एका परक्या बाईनं दिलं.

गेल्या महिन्यात सुनंदा बाळंत झाली. अप्पांना सोडून आईला येता येत नाही आणि सुनंदाला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, म्हणून ती चऱ्होलीत तिच्या नव्या फ्लॅटमध्येच आहे. अकराव्या मजल्यावर, खालची माणसं ओळखीची नाहीत. मी ऑफिस सुटलं की काळेवाडीला न जाता बस पकडून तिच्याकडे जाते. तिला बेडवर बसवते, बाळ मांडीवर देते, दार लोटते आणि किचनमध्ये शिरते.

काल सातला आईचा फोन आला. सुनंदानं स्पीकरवर टाकला होता, मला भांडी घासताना ऐकू येत होतं.

"बसलीस का?"

"हो आई, बसले."

आई मग म्हणाली, "खोटं बोलू नगं. नळाचा आवाज येतोय मला."

"ताई आलीय गं," सुनंदा म्हणाली. "ती आहे नळाशी."

मी नळ बंद केला आणि तशीच उभी राहिले.

"मग ऱ्हाऊ दे चालू," आई म्हणाली.